पतीची सही आणि स्वतःची पत



धंद्यासाठीं कर्ज मागावयास आलेल्या स्त्रीला "धंदा कसला?" यापूर्वीं "सही कोण करणार?" असें विचारलें जाई. ही गोष्ट अमेरिकेंतील आहे, आणि तीही फार जुन्या काळची नाहीं.

आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दींत, ३० जुलै १९५३ रोजीं, तेथें लघुउद्योग प्रशासन स्थापन झालें. प्रारंभीं तें स्वतःही कर्जें देई. पुढें जामीनकीवर भर आला. आजची रीत अशी कीं, कर्ज बँकेनें द्यावें आणि त्याच्या कांहीं भागास सरकारनें जामीन राहावें. सामान्यतः दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जास ८५ टक्के व त्यावरील कर्जास ७५ टक्के हमी मिळते. परंतु त्यासाठीं प्रथम बँकेचें दार ठोठावावें लागतें. खरी अडचण त्या दाराशींच होती.

बँक तारण मागे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरासाठीं कर्ज देण्याचें कर्जदात्या संस्थांनीं दीर्घकाळ टाळलें होतें. मग गहाण ठेवावयास घर आणावें कोठून? १९६४ च्या आर्थिक संधीच्या कायद्यानें गरिबांच्या लहान धंद्यांस कर्जाची वाट मिळाली. १९६९ च्या मार्चमध्यें निक्सन यांच्या आज्ञेनें अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठीं स्वतंत्र कचेरी निघाली. १९७४ च्या समान पत कायद्यानें लिंग व विवाहस्थिति यांवरून भेद करण्यास बंदी केली; १९७६ मध्यें त्यांत वंश, वर्ण व धर्म यांचीही भर पडली.

तरीही कांहीं राज्यांत स्त्रीच्या धंद्याच्या कर्जास पुरुष नातलगाची सही लागतच होती. एका उद्योजिकेनें काँग्रेसच्या समितीपुढें सांगितलें कीं, बँकेला तिच्या सतरा वर्षांच्या मुलाची सही चालली, तिची एकटीची चालली नाहीं! अखेर २५ ऑक्टोबर १९८८ रोजीं रीगन यांनीं स्त्रियांच्या उद्योगस्वामित्वाचा कायदा मंजूर केला आणि ही अट गेली. त्याच कायद्यानें स्त्रियांना धंद्याचें शिक्षण देणारीं केंद्रें उघडण्याची सोय झाली.

या केंद्रांत धंद्याचा आराखडा तयार करण्यास साहाय्य मिळतें. माल कोणता, गिऱ्हाईक कोण, भाडें व मजुरी किती, दरमहा रोकड किती येईल व जाईल, आणि हप्ता कशांतून फिटेल, हें त्यांत मांडावें लागतें. ज्याच्यापाशीं वडिलोपार्जित घर नाहीं, त्याला आपली पात्रता दाखविण्याचें हेंच मोठें साधन होय. अर्थात् तोट्याचें दुकान कोणताही कायदा नफ्यांत आणीत नाहीं. कच्चा आराखडा परत जावयाचाच. पण तो वाचून परत जावा. हिशेब चोख असूनही केवळ सहीसाठीं माणसाला माघारीं धाडलें, तर त्या हिशेबाचें मोल काय राहिलें? तो उलगडून पाहण्याचें बंधन बँकेवर यावयास १९५३ पासून पस्तीस वर्षें लागलीं, हें आपण विसरूं नये.