स्वयंचलित बंदुकांची पहिली पिढी आणि आपल्या मराठा पलटणी

आपल्या बेळगावात मराठा रेजिमेंटचे केंद्र 1922 पासून आहे. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोघांच्याही शौर्यकथेत 'टॉमीगन' येते. ही बंदूक कशी होती आणि तिच्याआधी काय होते, हे मंडळातील मुलांनाही कळावे म्हणून थोडी माहिती येथे देत आहे.

स्वयंचलित म्हणजे काय?

अमेरिकेत रिचर्ड गॅटलिंग यांनी 1862 मध्ये अनेक नळ्यांची गन काढली. पण तिचा दांडा हाताने फिरवावा लागे, म्हणून ती खऱ्या अर्थाने स्वयंचलित नव्हे. मूळचे अमेरिकन असलेल्या हिरम मॅक्झिम यांनी 1884 च्या सुमारास लंडनमध्ये वेगळी युक्ती केली. बार उडाला की बंदूक मागे धक्का देते. तो वाया जाणारा धक्काच त्यांनी कामाला लावला: रिकामे काडतूस बाहेर, नवे आत, पुन्हा बार. मिनिटाला 500 ते 600 गोळ्या! नळी तापू नये म्हणून भोवती पाणी भरावे लागे. त्यामुळे गन जड, तिवईवर ठेवूनच चालवायची. 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी पायदळाच्या एका पलटणीकडे अशा दोनच मशीनगन असत.

नंतर एका जवानाला नेता येईल अशी लुईस गन आली. वजन सुमारे 13 किलो, आणि डोक्यावर 47 गोळ्यांची तबकडी.

इशापूरची विकर्स-बर्थिए

ही आज दुर्मीळ झालेली गन खास हिंदी लष्कराची. मूळ रचना फ्रान्सचे आंद्रे बर्थिए यांची. हक्क 1925 मध्ये इंग्लंडच्या विकर्स कंपनीने घेतले. ब्रिटिश लष्कराने पुढे चेक रचनेवरून केलेली ब्रेन पत्करली. हिंदी लष्कराने मात्र 1933 मध्ये विकर्स-बर्थिए स्वीकारली आणि बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. वरून बसणारे 30 गोळ्यांचे बाकदार मॅगझिन ही तिची खूण. ब्रेनसारखीच दिसत असल्याने जुन्या छायाचित्रांत अनेकदा गल्लत होते.

टॉमीगन

अमेरिकेचे जनरल जॉन थॉम्पसन यांनी ही बंदूक पहिल्या महायुद्धातील खंदकांसाठी आखली, पण ती तयार होईपर्यंत युद्ध संपले. 1921 च्या नमुन्याच्या सुमारे 15,000 बंदुका कोल्ट कारखान्याने बनवल्या. त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षे खपल्या नाहीत. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत 'डेड स्टॉक'! दुसरे महायुद्ध आले आणि मागणी एकदम वाढली. वजन जवळपास 5 किलो, गोळी पिस्तुलाची, मॅगझिनमध्ये 20 किंवा 30 गोळ्या. चाप दाबून धरला तर 30 गोळ्या तीनेक सेकंदांत संपत.

हा तीन सेकंदांचा हिशेब लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

10 जुलै 1944, इटलीतील टायबर नदीचे खोरे. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, वय 22. शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातगोळ्याने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. त्याच जागी शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले.

9 एप्रिल 1945 रोजी, इटलीतच सेनिओ नदीवर, शिपाई नामदेव जाधव यांचा हात जखमी झाला. टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातगोळ्यांनी काम पुरे केले.

मोबाइलवरच्या खेळात मॅगझिन एका बोटाने भरते. माणगावला घाडगे यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना मुलांना तेथे जरूर थांबवावे आणि त्या रिकाम्या मॅगझिनची गोष्ट सांगावी.