द्वेषाची भाषा आणि भाषणस्वातंत्र्याची मर्यादा

मुंबई–आग्रा महामार्गावरील घोटी हे इगतपुरी तालुक्यातील गाव भाताच्या बाजारपेठेसाठी सर्वपरिचित आहे. जून २०२३ मध्ये मात्र या परिसराचे नाव निराळ्याच कारणाने देशभर गेले. २४ जून रोजी घोटी–सिन्नर मार्गावर गंभीरवाडीजवळ गोमांस नेत असल्याच्या संशयावरून जमावाने दोघांना बेदम मारहाण केली. त्यांपैकी मुंबईचा एक तरुण मरण पावला. त्याच महिन्याच्या १० तारखेला इगतपुरीजवळील घाटनदेवी परिसरातील दरीत आणखी एका तरुणाचा मृतदेह सापडला होता. गुरे नेणारे त्याचे वाहन दोन दिवसांपूर्वी अडविण्यात आले होते. दोन्ही प्रकरणी संशयितांना अटक झाली.

हात उगारण्यापूर्वी जीभ उचललेली असते. म्हणूनच शब्दांना कायद्याने कोठे अडवावे, हा प्रश्न आपल्या धर्मप्रांतातील भाविकांना परका नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकास भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. लगतच्या उपखंडाने शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्कही दिला आहे. अनुच्छेद १९(२) नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, अपराधास चिथावणी, बदनामी इत्यादी ठरावीक कारणांसाठीच त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. केवळ कोणाला राग आला, हे कारण त्या यादीत नाही. श्रेया सिंघल प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी मोकळ्या, निर्बंध तिसरीवर. अमेरिकेत हे स्वातंत्र्य अधिक विस्तृत आहे. सैनिकाच्या अंत्यविधीजवळ द्वेषपूर्ण फलक घेऊन उभ्या राहिलेल्या एका पंथालाही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये संरक्षण दिले.

आपल्या राज्यात २०२३ च्या आरंभी ‘सकल हिंदू समाज’ या नावाने मोर्चे निघत होते. मुंबईतील ५ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात द्वेषमूलक भाषण होणार नाही, या अटीवरच परवानगी देऊ, अशी ग्वाही शासनातर्फे सर्वोच्च न्यायालयात देण्यात आली आणि न्यायालयाने चित्रीकरणाचा आदेश दिला. पुढे २८ एप्रिल रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की, वक्त्याचा धर्म न पाहता व तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. गंभीरवाडीची घटना त्यानंतर दोन महिन्यांच्या आत घडली. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. पण आदेश कागदावर असणे आणि पोलीस ठाण्यात पाळला जाणे यांतील अंतर लहान नाही.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतरासाठी येणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांस लाखो रुपयांची बक्षिसे जाहीर केली. जुलैमध्ये आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजाने निदर्शने केली. धर्मांतरावर टीका करण्याचा हक्क कोणालाही आहे. मारहाणीची किंमत ठरविणे ही टीका नव्हे.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये मुंबईतील एका चर्चच्या क्रुसावरून ठिबकणारे पाणी चमत्कार नसून सांडपाण्याची ओल आहे, असे बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी सांगितले. काही कॅथलिकांनी त्यांच्याविरुद्ध कलम २९५अ खाली तक्रारी केल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. त्यांनी कोणावरही हात उचलण्यास सांगितले नव्हते. ज्या मापाने आपण संरक्षण मागतो, ते माप त्या वेळी आपण वापरले नाही, असे प्रांजळपणे म्हणावे लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. समाजासमाजांत वैर पसरविणे कलम १९६ खाली, तर धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणे कलम २९९ खाली येते. धर्म, जात आदी कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी कलम १०३(२) मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. पोलीस ठाण्याने तक्रार नाकारल्यास ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी; तेथेही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम १९६ व २९९ च्या खटल्यांस मात्र शासनाची पूर्वमंजुरी लागते, हे तक्रारदाराने आरंभीच लक्षात ठेवावे.