आहार, परगणा, जिल्हा : सीमांचे शब्द आणि आपली सोयरीक

ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, असा मंडळाच्या चिटणिसांचा आग्रह पडला. आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात उभा जन्म गेला, एवढीच आमची शिदोरी. तथापि एका प्रसंगामुळे हा विषय मनात घोळू लागला, तो प्रथम सांगितला पाहिजे.

मागे एका वधूवर मेळाव्यात सिन्नरकडील एका मुलाचे व संगमनेरकडील एका मुलीचे स्थळ जवळजवळ ठरले होते. घराणी उभयतां सालस, मुलामुलीची पसंतीही झालेली. परंतु एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मान हलविली. “ते नाशिक जिल्ह्याचे, आपण नगरकडचे, त्यांचे वळण निराळे,” एवढेच ते बोलले, आणि स्थळ मोडले. आम्ही तेथे हजर असूनही गप्प राहिलो, ह्याची खंत अद्याप वाटते. कारण घरी परतताना मनात आले की, सिन्नर आणि संगमनेर ह्यांच्यामधली ही जिल्ह्याची सीमा आहे तरी किती जुनी? नाशिक जिल्हा निर्माण झाला तो इ. स. १८६९ साली. तत्पूर्वी सिन्नर अहमदनगर जिल्ह्यातच मोडत असे. म्हणजे ज्या रेषेवर एक सोयरीक अडली, ती रेषा इंग्रज अंमलदारांनी कारभाराच्या सोयीसाठी आखलेली होती!

मग आम्ही ह्या मुलखाच्या विभागांना आजवर कोणकोणती नावे मिळाली, ती पाहू लागलो. सर्वांत जुनी नावे लेण्यांतील शिलालेखांत सापडतात. सातवाहनांच्या काळी जिल्ह्यास ‘आहार’ म्हणत. नाशिकच्या लेण्यांत गोवर्धन आहार आहे, कार्ल्याच्या लेण्यात मामाल आहार आहे. नाशिकनजीकचे गोवर्धन गाव आजही नांदते आहे, आणि मामाल म्हणजेच आपले मावळ, असे विद्वान मानतात. राज्ये बुडाली, ‘आहार’ हा शब्द केवळ जेवणापुरता उरला. परंतु मावळ हे नाव सुमारे दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी टिकले.

पुढे ताम्रपटांत ‘विषय’ हा शब्द येतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या इ. स. ७६८ च्या ताम्रपटात पुण्याच्या प्रदेशास ‘पुणक विषय’ म्हटले आहे. विषयाचा अधिकारी तो विषयपति, आणि राष्ट्र नामक विभागाचा अधिकारी तो राष्ट्रपति. आज ‘विषय’ शाळेच्या वेळापत्रकात येऊन बसला आहे, आणि राष्ट्रपति हे १९५० पासून सबंध प्रजासत्ताकाचे सर्वोच्च पद झाले आहे. माणसांप्रमाणे शब्दांचेही दैव फिरते, ते असे.

बहामनी राज्यात आरंभी चार ‘तरफ’ होत्या, आणि एकेक तरफ म्हणजे एकेक मोठा सुभाच होता. महमूद गावान ह्या वजिराने, सरदार फार प्रबळ होऊ नयेत म्हणून, चारांच्या आठ केल्या. तोच शब्द मराठेशाहीच्या कागदांत ‘तर्फ’ होऊन परगण्याच्या पोटातील काही गावांच्या गटापुरता राहिला. कोकणातील कित्येक गावांच्या सातबारावर ‘अमुक तर्फ तमुक’ असे आजही लिहिलेले आढळते. सुभा, परगणा, कसबा, मौजे ही त्याच काळची बिरादरी. परगण्याचे वतनदार ते देशमुख व देशपांडे. दक्षिणेकडे ‘नाड’ म्हणजे प्रांत, त्याचा हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी. परगणे मोडले, पण आडनावांत ते शाबूत आहेत.

‘जिल्हा’, ‘तालुका’ व ‘इलाखा’ हे तिन्ही शब्द मूळ अरबी. जिल्हा म्हणजे बाजू. तालुका व इलाखा ह्यांच्या मुळाशी ‘संबंध’ हा अर्थ आहे. पेशवाई १८१८ साली बुडाल्यावर इंग्रजांनी हे शब्द आपल्या कारभारात पक्के बसविले, आणि जिल्ह्याच्या मुख्यास नाव दिले कलेक्टर, म्हणजे वसूल गोळा करणारा. ह्या एका नावात त्या सीमांचे पुष्कळसे मर्म सामावले आहे.

ह्याहून निराळ्या सीमाही आपल्याकडे आहेत. पवन मावळ, आंदर मावळ, कानद खोरे, मोसे खोरे, जुन्नरकडील कुकडनेर व मीननेर ही नावे बहुतेक नद्यांवरून पडली. एका खोऱ्यातील लोक एका पाण्यावर जगले, एका बाजाराला गेले, म्हणून ते एक विभाग झाले. गोव्यातील तिसवाडी, साष्टी व बारदेश ही नावे तर संख्येवरून आली असे सांगतात : तीस वाड्या, सहासष्ट गावे, बारा देश. ही नावे वसुलापेक्षा वस्तीची आठवण अधिक देतात.

तेव्हा वाचकहो, ध्यानात घ्यावे ते इतकेच की, कचेरीने आखलेली सीमा कचेरीच पुसते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, तेव्हा जिल्हे २६ होते. २०१४ मध्ये पालघर झाला आणि ते ३६ झाले. रत्नागिरीतून १९८१ साली सिंधुदुर्ग निघाला, १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर निघाला. त्या दिवशी कणकवलीकरांचे कुळाचार बदलले काय? लातूरकरांची देवके बदलली काय? अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, म्हणून तेथील आपल्या घराण्यांचे गोत्र काही पालटले नाही.

आमचे म्हणणे असे नव्हे की, वळणे निराळी नसतात. घाटावर व कोकणात जेवणाची, बोलण्याची, मानपानाची तऱ्हा निराळी असते, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु ते निराळेपण नदी, डोंगर व पीकपाण्याने घडविले आहे. ते पाहावयाचे तर घर पाहावे, माणसे पाहावीत. केवळ जिल्ह्याचे नाव ऐकून मान हलविणे म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या वसुलाच्या नकाशावर आपल्या मुलींचे भवितव्य ठरविणे होय.

दुसरी विनंती अशी की, घराण्याची माहिती लिहून ठेवताना आजच्या तालुक्या-जिल्ह्याबरोबर मूळ मौजे, तर्फ व परगणा हेही लिहावे. माळ्यावरची मोडी दफ्तरे रद्दीत जाण्यापूर्वी जाणत्याकडून वाचवून घ्यावीत. आज दोन जिल्ह्यांत विभागलेली घरे एकाच परगण्यातील निघावीत, असेही त्यांत आढळेल.

ज्या ‘मंडळा’च्या स्मरणिकेत आम्ही हे लिहीत आहो, तो शब्दही मूळचा ह्याच कुळीचा. मंडल म्हणजे वर्तुळ. आणि ‘चोलमंडल’ ह्या नावात तोच शब्द प्रदेशाच्या अर्थाने आला आहे. आता तो आपणां सर्वांना एकत्र बसविणारा शब्द झाला आहे. मोडलेले स्थळ पुन्हा जुळविणे आमच्या हाती नाही. परंतु पुढील मेळाव्यात असा प्रसंग आला, तर आम्ही गप्प बसणार नाही, आणि आपणही बसू नये, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.