अंगणांतील दुसरा कर्णा

पेण तालुक्याच्या हमरापूर विभागांत जोहे नांवाचें गांव आहे. गणपतीच्या मूर्ति घडविणारें गांव म्हणून मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांना तें ठाऊक आहे. भाद्रपदांत शहरांतून ज्या मूर्तींपुढें आरत्या होतात, त्यांतील कितीतरी या व शेजारच्या गांवांच्या कारखान्यांतून, कांहीं रंगून तर कांहीं कच्च्या स्थितींत, बाहेर पडलेल्या असतात. मूर्ति शहरांत जाते आणि तिच्यामागोमाग तेथें जो मोठा आवाज उठतो, त्या आवाजालाहि इतिहास आहे. तो समजून घेण्यास शहरांतील मंडपापेक्षां जोह्यासारख्या गांवांतील घरापुढचें अंगण हीच जागा अधिक सोयीची. कारण एक कर्णा पुरत नाहीं म्हणून दुसरा लावण्याची गरज प्रथम उघड्यावरच भासते.

या भागांतील आगरी समाजाच्या लग्नांत धवले म्हणण्याची रीत जुनी आहे. धवलारीण विधीगणिक धवले म्हणते आणि हें सारें घरापुढच्या मांडवांत चालतें. जेवढें अंगण तेवढाच या गाण्याचा श्रोतृवर्ग. अंगण किती मोठें असावें याचें माप मनुष्याच्या गळ्यानेंच घालून दिलें होतें असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. खोलींत उच्चारलेला शब्द भिंतींवरून व आढ्यावरून परत फिरून पुन्हां कानीं पडतो. अंगणांत तो पडवी सोडतांच जातो तो जातोच. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज 6 डेसिबलनें उतरतो. हा नियम शास्त्राच्या भाषेंत ठाऊक नसला, तरी त्याचा फटका हरदासांना नित्याचाच असे. देवळाच्या सभामंडपांत रंगलेलें कीर्तन नदीच्या वाळवंटांत फिकें पडलें, तर दोष बुवांच्या तयारीचा नसून नसलेल्या छपराचा असे.

मराठी रंगभूमीनें हा प्रश्न छपराच्या व गळ्याच्या बळावर सोडविला. 8 जुलै 1921 रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत केशवराव भोसले व बालगंधर्व यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' केलें. त्या रात्रीच्या आठवणी रसिकांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. परंतु त्या दोन्ही गायकांपुढें ध्वनिक्षेपक नव्हता, हें त्या सांगतांना क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. रस्त्यावरच्या उत्सवाची तोड निराळी होती. 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सवानें जोर धरला तेव्हां मेळे पदें म्हणत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जात. आवाज लांब पोंचविण्याऐवजीं आवाज करणारी मंडळीच लांब जाई. पुढें यंत्रविद्येनें अनेक कर्णे ठिकठिकाणीं मांडून जें साधलें, तें मेळ्यांनीं पायांनीं साधलें होतें.

यंत्राचा आरंभ अमेरिकेंत झाला. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा व एडविन प्रिडहॅम हा अमेरिकेचा, अशा दोघांनीं कॅलिफोर्नियांत नापा गांवीं एका बंगल्यांत टेलिफोनवरील शब्द अधिक स्पष्ट करण्याचा उद्योग चालविला होता. टेलिफोनवाल्यांना त्यांचें यंत्र नको होतें. मग त्यांनीं त्याला ग्रामोफोनचा कर्णा जोडला. 24 डिसेंबर 1915 रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढें नाताळच्या समारंभांत हें यंत्र मोठ्या समुदायाला ऐकविण्यांत आलें. त्यांनीं यंत्रास दिलेलें नांव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिन भाषेंत मोठा आवाज. 1919 च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें कांचेच्या खोलींत उभें राहून पन्नास हजारांच्या सभेपुढें याच यंत्रांतून भाषण केलें. वक्त्याला आपल्या श्रोत्यांपासून कांचेच्या आड बसवावें लागलें, ही या शोधाची पहिली गंमत. ध्वनिग्राहकांत कर्ण्याचाच आवाज पुन्हां शिरला कीं यंत्र शीळ घालूं लागतें. आजहि लग्नमांडवांत ती शीळ ऐकूं येते.

हिंदुस्थानांत नभोवाणी आली ती मात्र मोठा आवाज घेऊन नव्हे. 23 जुलै 1927 रोजीं मुंबईचें केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उघडलें, त्या वेळीं त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. स्फटिकाच्या संचावर ऐकावयाचें तर कानांस कर्णिका लावाव्या लागत, आणि त्या एका वेळीं एकाच्याच कामास येत. पुढें झडपांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, संच आले. राइस व केलॉग या दोघांनीं 1925 मध्यें हलत्या वेटोळ्याच्या व कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाचें जें रूप सिद्ध केलें, तें हळूहळू घरोघरच्या पेट्यांत जाऊन बसलें. कर्ण्याचा नाकांत बोलल्यासारखा सूर जाऊन गाण्याला खर्ज मिळाला.

आणि येथेंच या लेखाच्या नांवांतील दुसरा कर्णा प्रथम घरांत शिरतो. 1930 नंतरच्या पुष्कळ विलायती संचांच्या पाठीमागें जादा ध्वनिक्षेपक जोडण्यासाठीं दोन भोंकें ठेवलेलीं असत. संच दिवाणखान्यांत राही. त्या भोंकांतून निघालेली तारेची जोडी स्वयंपाकघरांत, गॅलरींत किंवा बागेंत नेतां येई. कांहीं संचांवर आंतला ध्वनिक्षेपक मिटवून बाहेरचा तेवढा चालूं ठेवण्याची कळहि असे. आज लोक अंगणांत किंवा गच्चीवर जादा ध्वनिक्षेपक बसवितात तो या भोंकांचाच विस्तार होय. संच एक आणि ऐकण्याच्या जागा अनेक, ही कल्पना त्यामागें होती. तिचा अर्थ संच अधिक ओरडावा असा मुळींच नव्हता, पण पुढें लोकांनीं तो तसा घेतला.

असा गैरसमज होण्यास सभांचें यश कारण झालें. सिंधमधून येऊन मुंबईंत स्थिरावलेल्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ या पेढीनें स्वातंत्र्याच्या चळवळींत काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविले. खांबाखांबांवर टांगलेले ते कर्णे जुन्या छायाचित्रांत नेत्यांच्या बरोबरीनें दिसतात. सरकारलाहि या तारांचें महत्त्व चांगलें कळलें होतें. 1942 च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यांत उषा मेहता यांच्यासमवेत नानक मोटवाने यांनाहि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें. पुढें त्यांची सुटका झाली. मैदानावरची त्यांच्या कारागिरांची रीत मात्र विचार करण्याजोगी आहे. वक्त्याच्या व्यासपीठावर एकच प्रचंड कर्णा न ठेवतां, गर्दीत अंतराअंतरावर खांब रोवून लहान कर्णे टांगले तर शेवटच्या रांगेला शब्द कळतो आणि पहिल्या रांगेचे कान बधिर होत नाहींत.

त्यामागचा हिशेब साधा आहे. समजा, घराच्या ओटीवर एक ध्वनिक्षेपक आहे. पहिली बैठक त्यापासून 2 मीटरांवर, शेवटची 16 मीटरांवर. अंतर आठपट, म्हणून शेवटच्या बैठकीला पोंचणारा आवाज चौसष्टांश, म्हणजे 18 डेसिबलनें कमी. ओटीवरूनच तेथें पहिल्या बैठकीइतका आवाज न्यावयाचा तर एका वॅटच्या जागीं 64 वॅट खर्चावे लागतील. आणि पुढें बसलेल्या आजोबांनीं काय करावें याचें उत्तर या हिशेबांत नाहीं. त्याऐवजीं तसाच दुसरा ध्वनिक्षेपक शेवटच्या बैठकीजवळ 2 मीटरांवर टांगला, तर एकूण दोन वॅटांत काम भागतें. पण हाच दुसरा ध्वनिक्षेपक पहिल्याच्या शेजारीं ठेवला तर सरासरीनें 3 डेसिबलचीच भर पडते, आणि मनुष्याच्या कानाला आवाज दुप्पट वाटण्यास सुमारें 10 डेसिबल लागतात. दोनाचे चार आणि चाराचे आठ कर्णे एकाच ठिकाणीं रचीत जाण्याचा मोह होतो तो या चुकीमुळें.

दूर ठेवलेल्या दुसऱ्या कर्ण्याची एक अडचण आहे. आवाज एका सेकंदांत सुमारें 340 मीटर जातो, तर तारेंतून विद्युत् जवळजवळ तत्काल पोंचते. जवळचा कर्णा आधीं बोलतो, लांबचा मागाहून. आणि अंतराचा फरक 17 मीटरांच्या पुढें गेला, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागाहून अधिक उशीर झाला, कीं शब्दावर शब्द पडूं लागतो. गॉटिंगेन येथील हेल्मुट हास यानें 1949 मध्यें या विषयावर प्रबंध लिहिला. त्याला असें आढळलें कीं उशीर थोडा असेल तर मागून येणारा आवाज पहिल्याहून सुमारें 10 डेसिबलनें मोठा असला तरी कान तो वेगळा धरीत नाहींत. आवाज पहिल्या ठिकाणाहूनच आल्यासारखा वाटतो. या शोधाच्या आधारें लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत 1950 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच दूरच्या ध्वनिक्षेपकांना मुद्दाम उशिरा बोलतें केलें गेलें. जोह्याच्या अंगणाला एवढ्या खटाटोपाची गरज नाहीं. तें सतरा मीटरांच्या आंत असलें तर कानच सर्व सांभाळून घेतो.

स्वातंत्र्यानंतर कर्णा गांवोगांव गेला आणि त्याला भोंगा हें नांव पडलें. मुंबईंत भोंगा म्हणजे गिरणीचा; पाळीवर बोलावणारा. तोच शब्द मांडववाल्याच्या पत्र्याच्या कर्ण्याला चिकटला यांत लोकांची थट्टा आहे कीं तक्रार, हें सांगणें कठीण. माडाला किंवा बांबूला बांधलेल्या भोंग्यानें लग्नघराची वर्दी शेतापलीकडच्या वाडीला दिली. त्यांत मिरवण्याची हौस होती हें खरें, पण निमंत्रणहि होतें; घरांत कार्य आहे, या, असें तें सांगणें होतें.

घरगुती जोडणींत लोक चुकतात ती गोष्ट निराळी. आठ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक शेजारीशेजारीं एकाच जोडीला लावले कीं वर्धकाला चार ओहमचें ओझें पडतें, चार लावले कीं दोनचें. मग वर्धक तापतो, आणि एखाद्या ऐन कार्याच्या रात्रीं मुका होतो. मांडववाले यासाठीं 100 व्होल्टची तार वापरतात. प्रत्येक कर्ण्यापाशीं एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो, आणि हिशेब ओहमचा न राहतां वॅटांच्या बेरजेचा होतो: 30 वॅटांच्या वर्धकावर 10 चे तीन किंवा 5 चे सहा. लांब तारेंत शक्तीहि कमी वायां जाते. शिवाय कोंकणचा पाऊस आहे. कागदी शंकु ओल धरतो, खाऱ्या वाऱ्यानें खिळे व पत्रे गंजतात. म्हणून बाहेरच्या ध्वनिक्षेपकाला प्लॅस्टिकचा शंकु आणि पडवीच्या वळचणीचा आडोसा हवा.

शहरांतील उत्सवानें मात्र मैदानावरच्या त्या जुन्या कारागिरांची रीत सोडली. खांबाखांबांवरचे लहान कर्णे जाऊन गाडीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आली. तिच्यापुढें चालणाऱ्या पोरांच्या कानांची आणि रस्त्याकडेच्या आजाऱ्यांच्या झोंपेची किंमत कोणी मोजली नाहीं, तेव्हां कायद्याला ती मोजावी लागली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा 55 व रात्रीं 45 डेसिबल ही मर्यादा घातली. रात्रीं 10 ते सकाळीं 6 पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आली. सर्वोच्च न्यायालयानें 2005 मध्यें ही शिस्त उचलून धरली. सणावारीं वर्षांतून जास्तींत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याकडे राहिला. याच नियमांत घरगुती यंत्रासाठीं एक कलम आहे. खाजगी जागेंतील यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेहून 5 डेसिबलपेक्षां अधिक असतां कामा नये. म्हणजे मोजमाप ओटीवर नव्हे, कुंपणाशीं होतें.

कुंपण धरून हिशेब केला कीं ओटीवरच्या एकट्या मोठ्या कर्ण्याची बाजू पडते. त्याचें तोंड बाहेर असतें आणि शेवटच्या पाहुण्याला ऐकविण्यासाठीं तो शेजाऱ्यालाहि ऐकवितो. त्याऐवजीं कुंपणाच्या कडेनें चार लहान ध्वनिक्षेपक, तोंडें घराकडे आणि खालीं वळवून, हलक्या आवाजांत लावले तर अंगण भरतें आणि पलीकडे फार थोडें जातें. दोन मीटरांवर बोलणाऱ्या मनुष्याएवढा आवाज प्रत्येकानें केला तरी पुरे.

धवल्यांच्या वेळीं मात्र हे चारहि बंद ठेवावे लागतात. धवलारीण वधूवरांजवळ, विधीच्या ठिकाणीं असते, आणि तिचा शब्द चारी बाजूंच्या पेट्यांतून येऊं लागला तर ती कोठें आहे हें मांडवांत बसलेल्यांना कळेनासें होतें. जुन्या विलायती संचांना असे तशी एक कळ त्यासाठीं ओटीच्या खांबावर, हाताशीं, बसविलेली असली म्हणजे झालें.