वळिवडे छावणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएट रशियातील सक्तमजुरीच्या वसाहतींतून सुटून आलेल्या पोलिश नागरिकांसाठी कोल्हापूर संस्थानात उभारण्यात आलेली निर्वासितांची वसाहत (१९४३–४८). कोल्हापूरच्या पूर्वेस सु. ८ किमी.वर, कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत, वळिवडे गावाच्या परिसरात ती वसविण्यात आली. सु. पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध यांना तेथे आश्रय मिळाला. भारतातील पोलिश वसाहतींत ही सर्वांत मोठी होय. स्थानिक इतिहासात तिची नोंद मुख्यत्वे औदार्याची घटना म्हणून होते व ते यथार्थच आहे. तथापि एखाद्या राज्याने आपल्या बंदिवासात परकीय नागरिकांचा छळ केल्यास त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते आणि ते निश्चित करण्याचे साधन कोणाच्या हाती असते, हा आंतरराष्ट्रीय विधीतील मूलभूत प्रश्नही या छावणीच्या इतिहासातून उपस्थित होतो.

पार्श्वभूमी : जर्मनी व सोव्हिएट रशिया यांच्यात २३ ऑगस्ट १९३९ रोजी अनाक्रमणाचा करार झाला. त्याच्या गुप्त कलमांनुसार पोलंडच्या वाटणीचे सूत्र ठरले होते. जर्मनीच्या आक्रमणापाठोपाठ १७ सप्टेंबर १९३९ रोजी रशियन फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. तो प्रदेश सोव्हिएट संघराज्यात समाविष्ट करण्यात आला आणि नोव्हेंबर १९३९ च्या हुकूमान्वये तेथील रहिवाशांवर सोव्हिएट नागरिकत्व लादण्यात आले. या हुकूमाचा हेतू केवळ प्रशासकीय नव्हता. परकीय प्रजेचे रूपांतर स्वकीय प्रजेत केले, की तिला दिलेली वागणूक हा राज्याचा अंतर्गत प्रश्न ठरतो व इतर राष्ट्रांना त्याबाबत विचारणा करण्यास आधार उरत नाही.

यानंतर फेब्रुवारी, एप्रिल व जून १९४० आणि जून १९४१ अशा चार लाटांत पोलिश नागरिकांची सामुदायिक हद्दपारी झाली. सोव्हिएट गुप्त पोलीस खात्याच्या उपलब्ध कागदपत्रांनुसार या चार लाटांत सु. ३,२०,००० लोक हलविले गेले. पूर्वीचे पोलिश अंदाज याहून कितीतरी अधिक होते. निवृत्त सैनिक-शेतकरी, वनरक्षक, शिक्षक व सरकारी नोकर यांची कुटुंबे त्यांत प्रामुख्याने होती. एप्रिल १९४० च्या लाटेत विशेषतः आधीच अटक झालेल्यांचे व युद्धकैद्यांचे नातेवाईक उचलण्यात आले. त्याच सुमारास, ५ मार्च १९४० च्या सोव्हिएट नेतृत्वाच्या निर्णयानुसार सु. २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस व अन्य बंदिवान यांना कातीन व इतरत्र गोळ्या घालण्यात येत होत्या. याचा अर्थ असा, की हद्दपार होणाऱ्या अनेक स्त्रिया ज्यांच्या शोधात पुढे वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिल्या, ते पती व पिते त्या वेळीच मारले जात होते.

हद्दपार कुटुंबांना मालगाडीच्या डब्यांतून कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर अर्खांगेल्स्क, सायबीरिया व कझाकस्तान येथे नेण्यात आले. न्यायालयीन शिक्षा झालेल्यांना श्रमशिबिरांत धाडले जाई, तर कुटुंबांना बहुधा ‘विशेष वसाहतीं’त वा सामुदायिक शेतांवर ठेवत. वसाहतींभोवती सर्वत्र काटेरी तारा नसत. परंतु परवानगीवाचून वसाहत सोडणे हा गुन्हा होता आणि भोवतालचे अरण्य व हिमवृष्टी हीच तटबंदी होती. लाकूडतोड व तत्सम कष्टाची कामे स्त्रियांना व किशोरवयीन मुलांनाही करावी लागत. पावाचा शिधा कामाच्या ठराविक मापाशी निगडित असे. त्यामुळे आजारी माणसाचे काम घटले, की शिधा घटे आणि शिधा घटला, की शक्ती घटे. उपासमार, विषमज्वर व थंडी यांनी अनेकांचा बळी घेतला. लहान मुले व वृद्ध यांत विशेष होते.

मुक्तता व भारतात आगमन : जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर राजकीय स्थिती पालटली. लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल शिकोर्स्की व सोव्हिएट राजदूत माइस्की यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार होऊन बंदिवान पोलिश नागरिकांच्या सुटकेचे मान्य झाले व ऑगस्टमध्ये तसा हुकूम निघाला. या सुटकेस सोव्हिएट शासनाने ‘क्षमादान’ असे नाव दिले. ज्यांनी कोणताही अपराध केलेला नव्हता, त्यांना क्षमा करण्याचा हा प्रकार होता. त्यात अन्यायाच्या कबुलीस अथवा भरपाईस स्थान नव्हते.

जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली रशियात पोलिश सैन्य उभे राहू लागताच सुटलेली कुटुंबे दक्षिणेकडे त्याच्या आश्रयास धावली. मार्च–एप्रिल व ऑगस्ट १९४२ मध्ये सैनिक व नागरिक मिळून सु. १,१५,००० लोक, बहुतांशी कॅस्पियन समुद्रमार्गे, इराणमध्ये पोहोचले. त्यांपैकी सु. एक-तृतीयांश नागरिक होते. हद्दपार झालेल्यांचा फार मोठा भाग मागेच राहिला. इराणमधून निर्वासितांची पाठवणी पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड व भारत येथे झाली. भारतात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळील बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उघडले. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानाशिन्स्की व त्यांच्या पत्नी कीरा यांनी मदतकार्यात मोठा वाटा उचलला. कुटुंबांसाठी मोठ्या व दीर्घकाळच्या वसाहतीची गरज भासल्याने वळिवड्याची निवड करण्यात आली.

छावणीतील जीवन : कोल्हापूर संस्थानात त्या वेळी राजाराम महाराजांच्या निधनानंतर (१९४०) दत्तक महाराज अल्पवयीन असल्याने महाराणी ताराबाई व प्रतिनिधी मंडळ यांच्याकडे कारभार होता. संस्थानच्या भूमीवर, हिंदुस्थान सरकार व पोलिश प्रतिनिधी यांच्या सहकार्याने छावणी उभी राहिली आणि १९४३ च्या मध्यास पहिले निर्वासित कराचीमार्गे तेथे आले. दगडी जोते, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती व कौलारू छप्पर अशा लांब बराकींत कुटुंबवार खोल्या केलेल्या होत्या. छावणीचा अंतर्गत कारभार पोलिश अधिकाऱ्यांकडे असे. प्राथमिक व माध्यमिक शाळा, चर्च, रुग्णालय, टपाल कचेरी, चित्रपटगृह, नाट्यगृह व बालवीर पथके यांमुळे तिला लहानशा पोलिश नगराचे स्वरूप आले. सायबीरियात शिक्षणास मुकलेल्या मुलांना येथे मातृभाषेतून शिकता आले. परिसरातील शेतकरी दूध, अंडी व भाजीपाला छावणीत आणून विकत. कोल्हापूरच्या पेठांतून पोलिश स्त्रिया नित्य दिसत. काही मोजक्या मुलींनी येथेच विवाह करून कायमचे वास्तव्य केले. छावणीच्या खर्चाचा भार प्रारंभी लंडनच्या पोलिश सरकारने, ब्रिटिश अर्थसाहाय्याच्या आधारे, उचलला.

विसर्जन : जानेवारी १९४३ मध्ये सोव्हिएट शासनाने पूर्व पोलंडमधील सर्वांना पुन्हा आपले नागरिक घोषित केले होते. एप्रिल १९४३ मध्ये कातीन येथील प्रेतांचा शोध जाहीर झाल्यावर पोलंडने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशीची मागणी केली. तिचे निमित्त करून सोव्हिएट रशियाने पोलंडशी राजनैतिक संबंध तोडले. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनच्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. पुढे ऑगस्ट १९४५ च्या करारान्वये त्या सरकारने पूर्व पोलंडवरील हक्क सोडला. छावणीतील बहुसंख्य कुटुंबांची घरे अशा रीतीने परराष्ट्रात गेली.

यामुळे मायदेशी परतणे हा अनेकांच्या दृष्टीने पुन्हा त्याच सत्तेच्या छायेत जाणे होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फेब्रुवारी १९४६ मध्ये, ज्यांचे परतण्याविरुद्ध सबळ आक्षेप आहेत अशा निर्वासितांवर सक्ती करू नये, असे तत्त्व मान्य केले. छावणीचा भार प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाकडे व नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. बालाचडीतील उरलेली मुले १९४६ मध्ये वळिवड्यास आणण्यात आली. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली. काही पूर्व आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियादी देशांत, तर काही पोलंडला परतली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. तिच्या बराकींत फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली व तेथे गांधीनगर ही व्यापारी वसाहत वाढीस लागली.

उत्तरदायित्वाचा प्रश्न : तत्कालीन आंतरराष्ट्रीय विधीत व्यक्तीला स्वतःची दाद मागण्याचा अधिकार नव्हता, तिच्या वतीने तिचे राज्यच बोलू शकत असे. वळिवड्याच्या निर्वासितांच्या बाबतीत आधी त्यांचे नागरिकत्व हिरावले गेले, मग त्यांच्या सरकारशी संबंध तोडले गेले व अखेरीस त्या सरकारची मान्यताच गेली. दावा होता, पण दावेदार उरला नाही. न्यूरेंबर्ग न्यायासनाच्या सनदेत (१९४५) नागरी लोकांची हद्दपारी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला गेला. परंतु त्या न्यायासनाचा अधिकार युरोपीय अक्षराष्ट्रांच्या गुन्हेगारांपुरताच मर्यादित होता आणि सोव्हिएट रशिया तेथे अभियोक्ता होता.

छावणी रिकामी झाली त्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला. मनमानी अटक व हद्दपारीपासून संरक्षण, आश्रय मागण्याचा हक्क आणि नागरिकत्वाचा हक्क ही त्यातील कलमे या निर्वासितांच्या अनुभवाशी तंतोतंत जुळणारी आहेत. मतदानात सोव्हिएट रशिया व पोलंड तटस्थ राहिले. व्याप्त प्रदेशातून हद्दपारी करण्यास १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारान्वये बंदी आली. संयुक्त राष्ट्रे व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी १९५१ मध्ये सक्तीच्या श्रमाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष भारताचे सर रामस्वामी मुदलियार होते. १९५३ च्या अहवालात राजकीय दडपशाहीचे साधन म्हणून सक्तीचे श्रम योजणाऱ्या पद्धतींची नोंद झाली व १९५७ मध्ये अशा श्रमांच्या निर्मूलनाचा करार झाला.

कबुली मात्र फार उशिरा आली. सोव्हिएट शासनाने कातीन हत्याकांडाची जबाबदारी एप्रिल १९९० मध्ये मान्य केली व १९९१ मध्ये रशियाने दडपशाहीच्या बळींना निर्दोष ठरविण्याचा कायदा केला. तथापि कातीनविषयीची रशियन चौकशी २००४ मध्ये कोणासही शिक्षा न होता बंद झाली. मृतांच्या नातेवाइकांच्या अर्जावर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये, मूळ घटना मानवी हक्कांच्या युरोपीय करारापूर्वीची असल्याने त्या चौकशीच्या पुरेपणाचा विचार आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. रशियाने आवश्यक कागदपत्रे न दिल्याबद्दल मात्र दोष ठेवला. याउलट, १९४९ मधील एस्टोनियातील हद्दपारीबद्दल तेथील न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा त्याच न्यायालयाने २००६ मध्ये उचलून धरल्या. अशी हद्दपारी त्या काळीही मानवतेविरुद्धचा गुन्हाच होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

वळिवड्याच्या इतिहासात आश्रय व न्याय या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या दिसतात. आश्रय दिला तो अपराधाशी काडीमात्र संबंध नसलेल्या, स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने; न्याय देणे ज्यांना शक्य होते, त्या राष्ट्रांनी युद्धकालीन मैत्री सांभाळली. आश्रयामुळे माणसे वाचली, पण अपराध्याचा जाब त्याने चुकता होत नाही. कोल्हापूर येथील महावीर उद्यानात या निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा येथेही कोल्हापूरचे स्मारक असून भारताच्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे पुष्पचक्र वाहिले. दोन्ही स्मारके कृतज्ञतेची आहेत. ज्या अपराधामुळे हे लोक पंचगंगेच्या काठी आले, त्याची हकीकत त्यांच्या जोडीने सांगितली गेली, तरच त्या कृतज्ञतेचा पूर्ण अर्थ कळतो.