रेंज आणि हँडसेट: धाराशिव जिल्ह्यातील फोनबदलाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत मोबाइल कंपन्यांनी आपले तंत्रज्ञान अनेकदा बदलले आणि त्यांतल्या काही बदलांनी ग्राहकाच्या हातातला धडधाकट फोन निकामी केला. नवा फोन घेण्याची कारणे शहरात अनेक असतात. या जिल्ह्यात मात्र जुन्या फोनला रेंज मिळेनाशी झाली, हे त्यांतले मोठे कारण राहिले आहे.

याची मुळे भूगोलात आहेत. बालाघाटच्या रांगा, त्यांच्या मधले पठार आणि उतारांवर विखुरलेली गावे असे या मुलखाचे रूप. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६,५७,५७६ होती आणि दर सहा माणसांतली पाच खेड्यांत राहत होती. एका टॉवरच्या कक्षेत ग्राहक थोडे, म्हणून कंपनीला टॉवर परवडत नाही. टॉवर विरळ, म्हणून डोंगराआडच्या वस्तीवर रेंज पोचत नाही. पुण्यात पाच कंपन्यांतून निवड करता येत असताना इथल्या एखाद्या गावात एकाच कंपनीची रेंज धड लागायची आणि ती कंपनी म्हणेल तोच फोन घ्यावा लागायचा.

लँडलाइनच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण फोनचे यंत्र ग्राहकाचे नव्हते. ते दूरसंचार खात्याचे असे. बिघडले तर लाइनमन येई आणि तंत्र बदलले तर यंत्रही खातेच बदली. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावायचा आणि ताटकळायचे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनींचे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलन नसतानाही ते धूळ आणि उन्हाळा सोसत असे. असे पहिले एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले आणि मग देशभरातील लहान गावांत त्यांचा प्रसार झाला. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या याच लाटेतल्या. उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, ०२४७२, तुळजापूरचा ०२४७१ आणि कळंबचा ०२४७३ हे क्रमांक पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसांना तोंडपाठ असत.

मोबाइलने यंत्राची मालकी ग्राहकाकडे दिली आणि जोखीमही त्याच्याच गळ्यात घातली. १९९५ च्या परवान्यांनुसार मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे एक ‘सर्कल’ झाले. त्यात सुरुवातीला बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या दोन खासगी कंपन्या होत्या. यांतली दुसरी पुढे ‘आयडिया’ झाली. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, शिवाय आलेल्या कॉललाही पैसे. त्यामुळे हा फोन मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्याच्या आणि डॉक्टरच्या खिशातच राहिला. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलने मोबाइल सेवा सुरू केली आणि २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणापलीकडचा ग्राहक या बाजारात आला. या सगळ्या कंपन्या जीएसएम पद्धतीच्या होत्या. सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की काम भागे. उमरगा तालुक्याच्या कडेला फोन कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडी आणि आपल्याच शिवारात बसून रोमिंगचे पैसे कटत, एवढीच काय ती कटकट होती.

खरी अडचण सीडीएमए पद्धतीने आणली. रिलायन्सने डिसेंबर २००२ मध्ये आपली सेवा जाहीर केली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट घरी न्यायची योजना काढली. उरलेले पैसे महिन्याच्या बिलातून फेडायचे होते. एवढ्या पैशांत फोन मिळतो हे खेड्यांना नवे होते. टाटा इंडिकॉमही याच पद्धतीची, आणि बीएसएनएलनेही खेड्यांतल्या बिनतारी जोडण्यांसाठी सीडीएमए वापरले. ८०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, त्यामुळे विरळ टॉवरच्या मुलखाला ही पद्धत चांगली मानवली. पण सुरुवातीच्या या हँडसेटमध्ये सिमकार्डच नव्हते. नंबर थेट यंत्रातच नोंदवलेला असे. कंपनी सोडली तर फोन कवडीमोल आणि फोन बिघडला तर कंपनीकडेच धाव. स्वस्त फोनची खरी किंमत ही होती आणि ती विकताना कोणी सांगत नसे. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, पण सीडीएमएवाल्याचा नंबर जीएसएम कंपनीकडे गेला तरी त्याचा फोन मागेच राहिला.

या जिल्ह्याने असा प्रकार रुळांवरही पाहिला होता. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचला. उस्मानाबाद शहर त्याने बाजूलाच टाकले. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज होऊन शहराला स्वतःचे स्टेशन मिळाले आणि जुने डबे, जुनी इंजिने एकदमच बिनकामाची ठरली. फरक इतकाच की रेल्वेचे डबे सरकारचे होते, हँडसेट मात्र ग्राहकाने पदरचे पैसे मोजून घेतलेला होता.

कंपन्यांनीच पुढे सीडीएमएकडे पाठ फिरवली. रिलायन्स आणि टाटा दोघीही २००९ च्या सुमारास जीएसएमकडे वळल्या. २०१६ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सने सीडीएमए गुंडाळून ग्राहकांना ४जीकडे न्यायला सुरुवात केली आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला. ज्या ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ही सेवा चालत होती त्यावर आता ४जी चालते. म्हणजे लहरी त्याच आहेत, पण जुन्या फोनला त्या ऐकू येत नाहीत.

सीडीएमएच्या काळातच फोन जाण्याचे आणखी एक कारण घडले होते, तेही सरकारी हुकमाने. भारनियमनाच्या त्या वर्षांत टॉर्च आणि टिकाऊ बॅटरीमुळे २००३ चा नोकिया ११०० खेड्यापाड्यांत मानाचा ठरला. त्याखालोखाल दोन सिमचे, मोठ्या आवाजाचे स्वस्त चिनी फोन आले. त्यांतल्या अनेकांना वैध आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक हँडसेटची स्वतंत्र ओळख, नव्हती. दूरसंचार विभागाच्या आदेशाने नोव्हेंबर २००९ अखेर असे फोन नेटवर्कवरून बंद झाले. *#०६# दाबून हा क्रमांक पाहण्याची रीत तेव्हापासून दुकानात रुळली.

३जीने फारसे नुकसान केले नाही. ते नव्हते तिथे फोन निमूटपणे २जीवर येत असे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि निवडीचे नियम बदलले. या कंपनीकडे २जी आणि ३जी नव्हतेच. बोलणेसुद्धा इंटरनेटच्याच वाटेने, व्हीओएलटीई पद्धतीने जाते. त्यामुळे ‘४जी’ असा शिक्का असलेला फोनही पुरेसा नव्हता. त्यात व्हीओएलटीई नसेल तर डेटा चाले, पण कॉलसाठी वेगळे ॲप घ्यावे लागे. बटनाचा फोन तर पूर्णच बाद. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला, १५०० रुपयांच्या परताव्याच्या ठेवीवर मिळणारा जिओफोन हे त्यावरचे उत्तर होते: बटनाचाच, पण ४जीवर चालणारा. एअरटेलने २०२० पर्यंत ३जी बंद करत आणले, तेव्हा ३जीचे स्मार्टफोन बोलण्यापुरते उरले.

तोवर शेतीही फोनवर आली होती. २०२० च्या खरिपात परतीच्या पावसाने सोयाबीन गेले आणि ७२ तासांत नुकसानीची सूचना दिली नाही या कारणावरून जिल्ह्यातील लाखो शेतकऱ्यांचे पीकविम्याचे दावे अडले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंदही शेतकऱ्याने ई-पीक पाहणी ॲपवर स्वतः करायची झाली. चालता स्मार्टफोन नसेल तर सातबाऱ्यावर पीक चढवायला दुसऱ्याचा फोन मागावा लागतो. चैनीची म्हणून गणलेली वस्तू कामाच्या अवजारांत जमा झाली ती अशी, आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्याच खात्यात.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी आले, तेव्हा पुन्हा दोन पद्धती समोर आल्या. जिओचे ५जी स्वतंत्र गाभ्यावर चालणारे, एअरटेलचे सुरुवातीला ४जीच्या आधारावर उभे. काही ५जी फोनना सॉफ्टवेअर अद्ययावत होईपर्यंत यांतले एक चाले, दुसरे चालत नसे. या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना २७ सप्टेंबर २०२५ ची आहे. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांच्या देशी यंत्रणेवर उभे केलेले बीएसएनएलचे ४जी त्या दिवशी औपचारिकपणे सुरू झाले. देशभरातील टॉवरांचा आकडा ९७ हजारांच्या पुढे सांगितला गेला. खासगी कंपन्यांची रेंज जिथे मधूनच तुटते अशा वस्त्यांना याचा उपयोग आहे. पण बीएसएनएल ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरते आणि ‘बँड २८’ या नावाने ओळखला जाणारा तो पट्टा भारतात विकल्या गेलेल्या अनेक जुन्या ४जी फोनमध्ये नाही. लांब पोचणारी लहर नेमकी तीच. जुने ३जी सिम असेल तर तेही बदलून घ्यावे लागते.

म्हणून या जिल्ह्यात फोन घेणाऱ्याने आधी घरात आणि शेतात कोणता टॉवर पकडतो ते शेजाऱ्यांना विचारावे आणि मग खोक्यावरची बँडांची यादी वाचावी: जिओसाठी ३, ५ आणि ४०, बीएसएनएलसाठी १ आणि २८, शिवाय आपल्या कंपनीचे व्हीओएलटीई. मेगापिक्सेल त्यानंतर. ज्याला नुसते बोलायचे आहे त्याला घाई नाही. एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल यांचे २जी अजून चालू आहे आणि त्यावर बटनाचा जुना फोन आजही वाजतो.