सक्करदऱ्याची कल्हई

नागपुरातील महाल भागाच्या दक्षिणेस, तलाव आणि बाग यांच्या सान्निध्यात भोसल्यांचा जो सक्करदऱ्याचा वाडा आहे, त्याविषयी आणि १९०८ साली रघुजीराव भोसले यांनी सूफी संत ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून तेथे आणले त्या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अशा वाड्यांचे मुदपाकखाने आणि भोवतालच्या वस्तीतील चुली ज्याच्यावाचून निर्धोकपणे चालल्या नसत्या, त्या कल्हईवाल्याची दखल इतिहासाच्या दप्तरी क्वचितच घेतलेली आढळते.

भंडाऱ्याचे पितळ नागपूरच्या घराघरांत नांदत होते, आणि पितळेच्या गंजात ताकाची कढी किंवा अंबाडीची भाजी कळकते हे सांगायला रसायनशास्त्रज्ञाची गरज नव्हती. अकबराच्या पाकशाळेतील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा आणि शहाजाद्यांच्या भांड्यांना एकदाच कल्हई होत असे, असे अबुल फज्ल लिहून ठेवतो; म्हणजे विषबाधा टाळण्याच्या कामीही मरातब सुटला नव्हता! त्याहून दीड हजार वर्षे आधी रोमन ग्रंथकार प्लिनी याने या विद्येचे श्रेय गॉल लोकांना दिले आहे.

कृती पाहावी तर अंगणात खड्डा खणून कोळसे पेटविलेले, भाता चाललेला, आणि राख-वाळू टाकलेल्या हंड्यात उभा राहून एखादा पोरगा कमरेला झोके देत पायांनी तो घासतो आहे. मग भांडे तापले, की नवसागराची पूड पडते, नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ व गंज तो क्षार खाऊन टाकतो. त्याच क्षणी कथिलाची कांडी टेकविली, की अवघ्या २३२ अंशांना वितळणारे ते कथील पाझरते, आणि कापसाच्या बोळ्याने चपळाईने घासत ते कडेपर्यंत नेले, की पितळ पाहता पाहता रुप्यासारखे होते. लोक विस्तवाचे कौतुक करतात. माझ्या मते सारी करामत त्या बोळ्याची, कारण घर्षणावाचून कथील थेंबाथेंबांनीच राहिले असते.

याच घर्षणाला पाश्चात्त्य कारखानदारीने पुढे निराळे काम दिले. १९४१ साली क्लॉपस्टॉक आणि नीलंड्स यांनी इंग्लंडात पेटंट घेतलेल्या पद्धतीत धातूचा दांडा गरगरा फिरवून पृष्ठभागावर दाबतात. घासण्यानेच उष्णता उपजते, दांड्याचे टोक न वितळता मऊ होते आणि सरकत्या पत्र्यावर आपला थर ठेवून जाते. तेथे कोळसा नाही की नवसागर नाही. मात्र तो थर टिकावा यासाठीच सारा खटाटोप, तर कल्हई काही महिन्यांत झिजावयाचीच, आणि त्या झिजण्यावरच कल्हईवाल्याची वर्षभराची फेरी अवलंबून.

अ‍ॅल्युमिनियमने ती फेरी लांबविली आणि स्टेनलेस स्टीलने जवळजवळ मोडली. तरीही लंगराच्या देगी, लग्नाचे हंडे आणि आता हौसेने पुन्हा काढलेली आजीची पितळी पातेली यांमुळे कोठे कोठे भट्टी पेटते. अशा वेळी गिऱ्हाइकाने कांडी मागून घ्यावी व कानाजवळ वाकवावी: निर्भेळ कथील कुरकुरते, शिसे मिसळलेले सहसा मुकाट्याने वाकते, आणि तसल्या कल्हईच्या भांड्यात चिंचेचे सार उकळण्यापेक्षा ते पातेले माळ्यावरच राहिलेले बरे.